मावशी, तुम्ही परत आणलेल्या त्या पाकिटाबद्दल

तीर्थस्वरूप मावशींना साष्टांग नमस्कार.

नाव लिहू नको असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण कोल्हापुरात शाहूपुरीत तुमच्या खाणावळीत जेवलेल्या माणसाला हे पत्र कुणाला आहे ते लगेच कळेल, त्याला माझा इलाज नाही. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी जेवून घे" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

२०१८ च्या उन्हाळ्यात मी दहा किलो कांदा-लसूण चटणी करून विकायला काढली. ज्यानं त्यानं चाखून "लई भारी" म्हटलं. बरं वाटलं, पण नेमकं काय भारी ते कुणी सांगितलं नाही. तुम्ही चमचाभर चटणी ताटात घेतलीत, त्यावर कच्चं तेल ओतलंत, बोटानं कालवून भाकरीशी एक घास खाल्लात आणि म्हणालात, "खोबरं बरोबर भाजलंयस. तांबूस झालंय, करपलं न्हाई. ह्यात बदल करू नको." तोवर मी आईचं बघून अंदाजानं भाजत होते. त्या रात्री खोबऱ्याची आच, कढई, वेळ सगळं वहीत लिहून काढलं. कामाला नवीन बाई आली की आजही पहिलं तेच पान वाचून दाखवते.

पुढं कौतुकानंच माझी वाट चुकली. जो तो रंगाचं नाव घ्यायचा. "रश्श्याला काय कट येतो!" ऐकून मी हुरळले आणि दर हंगामात ब्याडगी मिरची वाढवत गेले. ब्याडगी रंग देते, पण तिखटाला ती मवाळ. तिखटाचा भार संकेश्वरी मिरचीवर असतो, आणि तीच मी कमी करत होते. गिऱ्हाईक काही बोलत नव्हतं, गुपचूप एक चमचा जास्त घालत होतं. तुम्ही बोललात. "पूर्वी माझ्या पातेल्याला तीन पळ्या पुरायच्या, आता पाच लागतात. रंगाला भुललीस व्हय गं?" रोज तेच पातेलं चुलीवर चढवणाऱ्या बाईचं हे माप होतं, त्याला उत्तर नव्हतं. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून त्याच आठवड्यात संकेश्वरी आणली आणि जुनं प्रमाण परत धरलं. रंग थोडा उतरला. दोन-तीन गिऱ्हाइकांनी तसं बोलूनही दाखवलं, पण या वेळी मी हलले नाही.

आणि ते पाकीट. जुलै २०२१. पंचगंगेला महापूर आलेला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पुण्याची पार्सलं अडकलेली. ती पोचली तेव्हा चटणीच्या गुठळ्या झाल्या होत्या, दोन पाकिटांत बुरशी होती. मी सगळ्यांना सांगत सुटले, पुरामुळं झालं. लोकांनी मानलंही. मग एका दुपारी तुम्ही आलात आणि स्वतःचं पाकीट काउंटरवर ठेवलंत. "पुण्याचं ऱ्हाऊ दे. हे तर हितनं हितंच आलंय." कात्रीनं कापून पाकीट आतून उलटं केलंत. वरच्या बाजूला चटणी थेंबाथेंबानं चिकटून वाळली होती.

मला राग आला, मावशी. आठ दिवस तुमचा फोन उचलला नाही, घरात तुमच्याबद्दल वाईट बोलले. त्याची माफी इथंच मागते. नवव्या दिवशी डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या यंत्रापाशी, उभी असताना कुटून पडलेल्या चटणीत हात घातला, तर ती चांगलीच गरम होती. तशीच भरून आम्ही पाकिटं सील करत होतो! वाफ आतच कोंडायची आणि तिचंच पाणी व्हायचं. त्यात पावसाळ्यातला कांदा पुरता वाळलेला नसायचा. पूर सगळीकडं होता, पण हा दोष माझा होता. पुण्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून खरं कारण सांगितलं, पैसे परत केले. तेव्हापासून चटणी परातीत पसरून, वर सुती कापड टाकून रात्रभर निवू देतो. वर्षभराचा कांदा उन्हाळ्यातच वाळवून ठेवतो.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. चूक सांगायची असली की तुम्ही दुपारी तीनला यायचात, दुकानात कुणी नसताना. चांगलं सांगायचं असलं की संध्याकाळी, चार बायका काउंटरवर उभ्या असताना, मोठ्यानं. कितीदा तुमच्या एका वाक्यावर पलीकडच्या बाईनं अर्ध्याऐवजी एक किलो नेली असेल. धंदा आधीच तोट्यात होता, त्या काळात याचं मोल काय होतं ते मी कधी बोलले नाही.

यंदाची नवी संकेश्वरी आली. देठं मी स्वतः बसून खुडलीत, पहिला घाणा काल निघाला. मला मीठ जरा पुढं वाटतंय, घरचे म्हणतात बरोबर आहे. सोमवारी दुपारी तीनला पाकीट घेऊन तुमच्याकडं येते. भाकरी आणि तेल तेवढं काढून ठेवा.

तुमचीच,
चटणीवाली