२४ तारखेला एसलिंगेनला जायचं आहे

पाचपाखाडी, ठाणे
१५ डिसेंबर २०२५

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. व्हॉट्सॲपवर लिहिलं की तू अंगठा पाठवून मोकळा होतोस, आणि फोनवर माझं दुसरं वाक्य सुरू होईपर्यंत तुझी मीटिंग येते. कागदाला अंगठा दाखवता येत नाही. आपल्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जर्मन मुलीच्या ऑफिसातला एक जण परवा तुझ्या श्टुटगार्टला निघालाय. त्याच्या बॅगेत हे पत्र, अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा आणि एक चपटा खोका आहे. चिवडा तुझा. खोका फोडायचा नाही, त्याचं पुढे सांगते.

आधी भांडण उरकून घेते. काल संध्याकाळी त्या जर्मन मुलीकडून कळलं की तिच्या आईने तुला २४ तारखेला रात्रीच्या जेवणाला एसलिंगेनच्या घरी बोलावलं होतं आणि तू "थँक यू, पण त्या दिवशी बिझी आहे" असं कळवलंस. कशात रे बिझी? तूच गेल्या आठवड्यात म्हणालास की चोवीसला दुपारी दोनलाच दुकानं बंद, पंचवीस-सव्वीस सुट्टी, सत्तावीसला काय ते उघडणार आणि अठ्ठावीसला परत रविवार म्हणून बंद. ऑफिस बंद, दोस्तमंडळी गावोगाव पांगलेली. "मस्त झोप काढणार" म्हणालास. साडेचारला काळोख होणाऱ्या गावात माणूस चार-चार दिवस झोप काढायला लागला की मला ते काही बरं लक्षण वाटत नाही. बाबा म्हणाले, त्याला लाज वाटली असेल, ओळख ना पाळख. असेल. पण ती पोर इथे आली तेव्हा तिची तरी कुठे कोणाशी ओळख होती?

सप्टेंबरात आली, त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट तुला मी अर्धीच सांगितली होती. आपल्याकडे सकाळी बेल किती वेळा वाजते हे मी कधी मोजलं नव्हतं, तिने मोजलं. कचरावाला, इस्त्रीवाला, मावशी, पेपरचं बिल, नवरात्राची वर्गणी, मग पाण्याची टाकी धुणार म्हणून सांगायला वॉचमन. तिसऱ्या दिवशी ती खाली आमच्याकडे आली, चेहरा उतरलेला. माझ्याविरुद्ध काही तक्रार आहे का, म्हणून विचारत होती. तिच्याकडे न सांगता बेल वाजली तर एक तर पार्सल, नाही तर पोलीस! आता तीच डोक्याला टॉवेल गुंडाळून दार उघडते आणि "काय मावशी?" करते. इस्त्रीचे कपडे मोजून घेते. एक सलवार कमी आली तर जिना उतरून त्याच्या टेबलापर्यंत जाते, ते मला फार आवडतं.

तेव्हा सहज विचारलं तिला, म्हणजे आमच्या बाबूकडे बेल कोण वाजवत असेल? जरा गप्प झाली. मग म्हणाली, केअरवोखेची पाटी लावायला शेजारीण येत असेल कदाचित. ते केअरवोखे तिनेच समजावलं. तुमच्या भागात दर आठवड्याला एकाच्या दारावर पाटी लागते आणि त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी त्याची. मी इतकी हसले! घरी ताट उचलून मोरीत ठेवायला तुला तीन हाका लागायच्या. पण रात्री झोपताना तेवढंच डोक्यात राहिलं, की पाटी लावायलाच फक्त कोणी येतं.

असो. इथली खबर ऐक. यंदा मार्गशीर्षाचे चार गुरुवार आले, २७ नोव्हेंबर, ४, ११ आणि आता येणारा १८ डिसेंबर. पहिल्या गुरुवारी ती ऑफिसमधून येताना आपल्या दारात थबकली. घट मांडला होता, पाच पत्री, वेणी, सगळं व्यवस्थित. किती आठवडे करता, विचारलं. चार म्हटल्यावर तिने आपल्या फोनमध्ये कॅलेंडर उघडून दाखवलं, त्यांचेही नाताळाआधी चारच रविवार! ३० नोव्हेंबरपासून. हिरव्या डहाळ्यांची चक्री करायची, तिच्यावर चार मेणबत्त्या, आणि दर रविवारी एक जास्त पेटवायची. मी म्हटलं, आमची लक्ष्मी गुरुवारी येते, तुमचा देव रविवारी वाट बघायला लावतो, एवढाच काय तो फरक.

चक्रीला सूचिपर्णीची फांदी लागते. ती जांभळी नाक्यावर कुठून मिळणार? तिथे फुलवाल्यांकडे दोन चकरा मारून ती अशोकाची आणि आंब्याची डहाळी घेऊन आली. स्टीलच्या परातीत गोल रचली, मध्ये जाड मेणबत्त्या. दिसायला झकास. पण आंब्याची पानं तीन दिवसांत कडकडीत वाळली, आणि दुसऱ्या रविवारी एका पानाने पेट घेतला. बाबा पाण्याचा तांब्या घेऊन धावले ते तिच्या लॅपटॉपवरच. लॅपटॉप वाचला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी ताजी पानं मीच नेऊन देते.

आणि तिच्या गॅलरीतला तो कंदील! हेर्नहूट म्हणून गाव आहे म्हणे, तिथला हा तारा, चोहोबाजूंनी टोकंच टोकं, पंचवीस मोजली मी. तिने तो नोव्हेंबरअखेरीस लावला. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं, दिवाळी झाली की, तिला कोणी सांगितलं नाही का? म्हटलं तिची आता सुरू होतेय.

तिच्या आईने महिन्याभरापूर्वी पाठवलेलं पार्सल परवा एकदाचं पोचलं. मधे ते कुठे अडकलं होतं आणि सोडवताना किती फोन करावे लागले ते लिहायला बसले तर कागद संपेल. त्यात श्टोलेन होता, लांबट जाड पाव, आत रम दारूत भिजवलेले बेदाणे. वर पिठीसाखरेचा इतका जाड थर की बाबांनी पिशवी उघडताच "बुरशी आली!" म्हणून कचऱ्याच्या डब्याकडे मोर्चा वळवला. त्या पोरीची किंकाळी तळमजल्यापर्यंत गेली असेल. तो थर म्हणजे बाळ येशूला गुंडाळलेलं पांढरं दुपटं म्हणे. आणि तो मुरायला ठेवतात, आपल्या लोणच्यासारखा, म्हणजे वाटेतला महिना वाया गेला नाही. बाबांनी नंतर तीन फोडी खाल्ल्या आणि रमबद्दल कोणी काही बोललं नाही.

शनिवारी बँकेतली माझी मैत्रीण आली होती, दरवर्षी आपल्याला नेवऱ्या आणि कुलकुल देते ती. यंदा म्हटलं इथेच करू, या पोरीलाही बसवू. मैदा, नारळाचं दूध, साखर. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत न्यायची आणि शेवटाला अशी वळवायची की शंखासारखी गुंडाळी होते, वर काट्याच्या रेघा. माझ्या पहिल्या वीस गोळ्या अळ्यांसारख्या झाल्या. ती पोर मात्र चौथ्या गोळीला जमवून बसली, कारण तिच्या घरी या दिवसांत चंद्रकोरीच्या बदामी बिस्किटांचा घाट असतो. आपल्या नानकटाईची मावसबहीण समज. तीही करून दाखवली तिने, पण ठाण्याच्या डिसेंबरात लोणी हातातच वितळतं, तेव्हा पीठ चार वेळा फ्रिजमध्ये गेलं.

गप्पांत मैत्रिणीने सांगितलं, आम्ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती. पोरीने नकाशा आठवून विचारलं, पण हा तर पश्चिम किनारा ना? मैत्रीण लाटता लाटता म्हणाली, नाव ईस्ट इंडिया कंपनीवरून, १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वेळी घेतलेलं, म्हणजे आम्ही इथलेच, बाहेरून नोकरीला आलेले नव्हे, हे सरकारला कळावं. आणि नाताळ हा शब्द पोर्तुगीजांचा, पावही त्यांचा, बटाटाही. इतकी वर्षं एका काउंटरला बसलो आम्ही, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. चोवीसला रात्री आम्ही तिघी तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चला मिस्साला, म्हणजे नाताळच्या प्रार्थनेला, जाणार आहोत. बाबा म्हणतात मी बाहेर तलावावर फेऱ्या मारतो. थंडी वाजली की येतील आत.

काल रविवारी ऐरोलीला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला गेलो. खाडीवरचं ते सागरी जैवविविधता केंद्र जर्मन सहकार्यातून झालंय. तिथल्या पाटीवर ते वाचून ही अशी ताठ उभी राहिली की जणू विटा हिनेच वाहिल्या. पण बोट काही जर्मन वेळेवर नाही. ती भरती-ओहोटी बघून सुटते, आणि तासभर आधी बोलावून बसवून ठेवलं याचा तिला जो त्रास झाला तो बघण्यासारखा होता. तू लहानपणी ऐरोलीच्या पुलावरून जाताना नाक दाबून बसायचास, आठवतं? तीच खाडी. २०१५ साली अभयारण्य झाली, २०२२ ला पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेली. बरोबरच्या माणसाने तिवराचं एक पान तोडून जिभेवर ठेवायला सांगितलं. खारट! झाड मुळाने खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं, उन्हात धरलं की बारीक कण चमकतात. बाबांनी ते पान पाकिटात घालून आणलंय, कशाला ते विचारलं नाही.

रोहित अजून थोडेच आलेत, गर्दी पुढे जानेवारी-फेब्रुवारीत. लांबवर गुलाबी रेघ दिसली, त्यात काही मळकट करड्या रंगाचे. ती पिल्लं. रंग जन्माने येत नाही, खाडीतलं शेवाळ खाऊन खाऊन चढतो. बाबा लगेच म्हणाले, हे बाबूला लिही, नीट जेव म्हणावं.

आता मुद्द्याचं. मी तिला सांगून टाकलंय की तुझं काम रद्द झालं आणि तू येतोयस. पत्र मिळताच तूही तिच्या आईला दोन ओळी लिही. खोक्यात आकाशकंदील आहे, घडीचा, कागदी, तो त्यांच्यासाठी. लावून तू द्यायचास, त्यांना जमणार नाही. एस-वन गाडी थेट एसलिंगेनला जाते, सुट्टीचं वेळापत्रक आधी बघून ठेव. सहाला बोलावलंय म्हणजे सहा. पावणेसहाही नाही आणि आपलं सव्वासहाही नाही. भेटवस्तू त्यांच्यात चोवीसच्या संध्याकाळीच उघडतात, तेव्हा तुझ्या हातात एखादी आली तर "नको नको" करत बसू नकोस. जेवायला बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज असेल, एवढ्या मोठ्या सणाला! मी तर ऐकून थक्कच झाले, पण ती म्हणाली त्या दिवशी आईलाही सण असतो. हे मात्र मला पटलं. तुमच्याकडच्या सॅलडमध्ये मेयोनीज नसतं, मटणाच्या रश्शासारखं पाणी घालतात आणि ते बहुधा बीफचं. तू खात नाहीस हे मी तिच्याकरवी कळवलंय, ते भाज्यांचं करणार आहेत. तुझ्यासाठी वेगळं करतायत, म्हणजे आता जाणं भागच आहे.

तिची आई तुला बोलावते आणि मी तिला, यावर मी साटंलोटं झालं म्हटलं तर बाबा चहा सांडेपर्यंत हसले. तू भलतं काही मनात आणू नकोस, तिचं मार्चमध्ये परत गेल्यावर लग्न आहे.

इमारतीच्या खाली बेलची बटणं असतात, प्रत्येकावर आडनाव. त्यांचं आडनाव खोक्यावर लिहिलंय, तिच्याच अक्षरात. तिथे उभा राहून मला फोन करू नकोस, की "आई, आता काय म्हणू?" बेल वाजव.

बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. दूध आणि ब्रेड २३ लाच आणून ठेव. आणि पाटी तुझ्या दारावर असेल तर चोवीसला सकाळी जिना झाडून मग नीघ.