टाके कोण उसवतं?

प्रिय सुहास,

तुझं पत्र पोचलं. ‘फुरशाच्या विषानं रक्त पातळ होतं, म्हणून ते बाहेर येतं, एवढंच ना?’ असं विचारलंयस. अर्धं बरोबर. रक्त गोठायचं थांबतं हे खरं, पण नळी धड असेल तर न गोठणारं रक्तसुद्धा आतच फिरत राहील की! आधी नळी फाटायला हवी.

रक्तवाहिनीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं आणि त्याखाली कोलॅजनसारख्या प्रथिनांची विणलेली पातळ चटई. केशवाहिनीत तर भिंत म्हणजे जवळजवळ एवढंच. १९७३ मध्ये नाळेतल्या शिरेतून या पेशी काढून वाढवायची पद्धत बसली, आम्हीही प्रयोगशाळेत, काचेच्या डिशमध्ये, त्याच वाढवतो. सूक्ष्मदर्शकाखाली फरशी घातल्यासारख्या दिसतात, फट म्हणून नाही.

त्यांच्यावर पहिल्यांदा विष घातलं तेव्हा मला वाटलं, पेशी फुटून सगळा चिखल होणार. तसं काही झालं नाही. कडा आक्रसल्या, मधे फटी पडल्या, पेशी गोल झाल्या आणि सुटून तरंगायला लागल्या. डिश जरा कलती केली की थवाच्या थवा सरकायचा. बऱ्याचशा तोवर जिवंत! अरे, हे तर मी रोज बघतो. एका डिशमधून दुसरीत पेशी हलवायच्या तर आम्ही ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं विकर (एन्झाइम) घालतो, तेव्हा हुबेहूब असंच होतं. विषातली, जस्ताच्या जोरावर चालणारी विकरं तेच करतात. पेशीला सोडून तिच्या खालची चटई कापतात. आधार गेलेली पेशी पुढे काही तासांनी आपणहून मरते.

पण शरीरात रक्तस्राव मिनिटांत सुरू होतो. मग हे तासांचं गणित कसं जुळायचं? कोस्टा रिकातले सर्पविषाचे अभ्यासक होसे मारिया गुतिएरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा उलगडा केला. डिशमध्ये रक्ताचा दाब नसतो. चटई कुरतडलेली केशवाहिनी नेहमीच्याच दाबानं फुगते, ताणून पातळ होते आणि फाटते. म्हणजे विष टाके उसवून मोकळं होतं, फाडायचं काम आपल्याच हृदयाकडून होतं. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

सगळ्या सापांचं असं नाही हं. थुंकणाऱ्या नागांच्या विषातली छोटी प्रथिनं थेट पेशीच्या आवरणावरच घाला घालतात. घोणस आणखी लबाड. ती गोठण क्रियेतले १० आणि ५ क्रमांकाचे घटक एकदम चेतवून गोठण्याचा साठाच संपवते, वर काही रुग्णांत वाहिन्या झिरपायला लागून गाल आणि डोळे सुजतात.

प्रतिविष देऊनही सूज लगेच का उतरत नाही, हे तुला आता कळलं असेल. प्रतिविष फिरतं विष पकडतं. उसवलेलं पेशींनाच पुन्हा विणावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. म्हणूनच प्रतिविष जितकं लवकर तितकं बरं.

कर्करोगासाठी बनवलेलं आणि तिथे न चाललेलं मारिमास्टॅट नावाचं औषध चटई कापणाऱ्या या विकरांना अडवतं. उद्या आधी ते घालून मग विष घालणार आहे. पेशी जागेवर राहिल्या की नाही, ते कळवतो.

तुझा,
अजित