साडेचार की नऊ? आमच्या लेथची ओळख पटवून देणाऱ्या मेस्त्रीकाकांना

आदरणीय मेस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

नाव कुठं लिहायचं नाही, असं तुम्ही निघताना बजावलंत, म्हणून मायना एवढाच. पैसे तर घेतले नाहीतच, चहासुद्धा अर्धाच कप घेतलात. मग हे पत्र तरी चारचौघांत लिहिते.

आप्पांच्या लेथला, म्हणजे लोखंडाचा तुकडा फिरवत कातायच्या यंत्राला, आमच्या घरी ‘बिलायती’ म्हणायचे. आजोबांनी तो मिलिटरी डिस्पोजलमधून आणला, यापलीकडे कुणालाच काही ठाऊक नव्हतं. आप्पांनी त्यावर आयुष्यभर रसाच्या चरकाचे बुश आणि पंपांच्या शाफ्ट काढल्या. ते गेले आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातली ती शेड माझ्याकडे आली. भंगारवाल्यानं मशीन न बघताच किलोचा भाव सांगितला. भाऊ म्हणाला, देऊन टाक. मला मात्र त्यावर काम करायचं होतं आणि घोडं अडलं होतं एका चेंज गिअरपाशी, म्हणजे आटे काढताना बदलून लावायच्या दातेरी चाकापाशी. चाळीस दात्यांचा, त्यातले तीन दाते उडालेले. एका ठिकाणाहून नवा कापून आणला, तर तो बसेना. ठोकूनठाकून बसवला तेव्हा असा काही रडायला लागला की शेजारचा वेल्डर चष्मा कपाळावर ढकलून बघायला आला.

तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, मशीनवर हात फिरवून नाव सांगाल. तुम्ही आधी व्हर्नियर, ती बारीक मापं घ्यायची सरकपट्टी, मागितला आणि तोही माझ्याच हातात दिलात. तुटक्या गिअरचा बाहेरचा व्यास ५९.३ मिलिमीटर. ‘दाते चाळीस, त्यात दोन मिळव. आता त्या बेचाळिसाला व्यासानं भाग, पण व्यास इंचात घे.’ उत्तर आलं १८. अठरा डीपी, म्हणजे व्यासाच्या दर इंचाला अठरा दाते. मग नवा गिअर मोजायला लावलात, तो भरला ६३ मिलिमीटर, म्हणजे मोड्यूल दीड; मोड्यूल हे दात्याचं मिलिमीटरमधलं माप. ‘ही दोघं एका घरात नांदायची नाहीत,’ एवढंच म्हणालात. कापणाऱ्याला मी नुसते दाते सांगितले होते, डीपी हा शब्दच मला माहीत नव्हता. चूक निम्मी माझीही होती.

मग ‘बिलायती’ची पाळी. वरचे चकचकीत बोल्ट तुम्ही बघितलेसुद्धा नाहीत, कारण ते केव्हाच बदललेले असणार. पायाकडचा, ग्रीसच्या थराखाली गाडलेला चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा, बोल्ट काढायला लावलात आणि आट्यांवर पिच गेज, ती आटे मोजायची दातेरी पात्यांची पट्टी, धरलीत. बाराची पात बसेना, तेराची अलगद बसली. विलायती व्हिटवर्थमध्ये चार सुताला इंचात बारा आटे आणि कोन ५५ अंशांचा, अमेरिकेत तेरा आटे आणि कोन ६० अंशांचा. सत्तर-ऐंशी वर्षांची घरातली समजूत त्या एका पातीनं मोडली. आजोबा असते तर वाद घातला असता.

मी महिनाभर साडेचार इंची इंग्रजी लेथ धुंडाळत होते, कारण बेडपासून, म्हणजे लेथच्या लांब पायापासून, सेंटरपर्यंत, म्हणजे तुकडा ज्याभोवती फिरतो त्या मध्यापर्यंत, माप तेवढंच भरत होतं. इंग्रज सेंटरची उंची सांगतो, अमेरिकन सांगतो किती व्यासाचा जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, फिरेल ते. म्हणजे माझं साडेचार ते त्यांचं नऊ! आपल्याकडं तर बेडची लांबी फुटात सांगून मोकळे होतात, त्यामुळं हा घोटाळा मला एरवी कधीच कळला नसता.

बेडवर तीन उलटे व्ही आणि एक सपाट पट्टी बघून तुमच्या तोंडून ‘साउथ बेंड’ निघालं, पण लगेच जीभ चावलीत. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी ओब्रायन या जुळ्या भावांनी १९०६ साली काढलेला तो कारखाना. त्याच्या नऊ इंचीची नक्कल जगभर झाली, हॅलिफॅक्सचा बॉक्सफर्ड काय, ऑस्ट्रेलियाचा हर्कस काय. म्हणून नंबर बघितल्याशिवाय बोलायचं नाही, असं ठरलं.

नंबर बेडच्या टेलस्टॉककडच्या, म्हणजे तुकड्याला दुसऱ्या बाजूनं आधार देणाऱ्या भागाकडच्या, टोकाला, पट्ट्यांच्या मधोमध ठोकलेला असतो म्हणालात. तिथं तर आमची दरवर्षीची खंडेनवमी बसलेली! हळदकुंकू आणि तेल यांचा असा खडक झाला होता की खाली काही असेल असं वाटतच नव्हतं. रॉकेल आणि जुना दातांचा ब्रश घेऊन मी तासभर घासत बसले. आधी लाल ओघळ आला, मग पिवळा, मग काळा. शेवटी टॉर्च आडवा धरल्यावर आकडे उठले. त्याच घासाघाशीत एक छोटी पाटीही उघडी पडली. रंगकाम वॉर प्रॉडक्शन बोर्डाच्या, म्हणजे अमेरिकेच्या युद्धकाळातल्या उत्पादन मंडळाच्या, हुकुमानुसार केलं आहे, असं तीवर लिहिलेलं. हे बोर्ड जानेवारी १९४२ मध्ये स्थापन झालं आणि १९४५ मध्ये बंद झालं. साउथ बेंड कंपनीच्या वर्षवार यादीत आमचा नंबर पडला १९४३ मध्ये. आजोबांचं बिलायती चुकलं, पण मिलिटरीची गोष्ट बहुधा खरी असावी.

मॉडेल तर तुम्ही नखानं ओळखलंत. लीड स्क्रूवरून, म्हणजे बेडच्या लांबीभरच्या आटेदार दांड्यावरून, नख ओढलंत, लांबीभर खाच कुठं लागली नाही. ए आणि बी मॉडेलला ती असते, कारण तिच्या जोरावर एप्रनमधला, म्हणजे हत्यार सरकवणाऱ्या भागाच्या पुढच्या पेटीतला, वर्म गिअर फिरतो आणि आडवा फीड, म्हणजे हत्याराची आडवी सरक, आपोआप चालतो. ए ला शिवाय गिअरबॉक्स. आमच्या एप्रनवर हाफ नटचा, म्हणजे लीड स्क्रूला पकडणाऱ्या अर्ध्या नटांचा, दांडा आणि हातचाक, बास. म्हणजे सी, तिघांतलं सगळ्यात साधं. आप्पा आडवा फीड जन्मभर हातानं का फिरवत होते, ते तेव्हा कळलं. मला तो त्यांचा हट्ट वाटायचा.

‘१८ डीपी, साडेचौदा अंश’ (अंश म्हणजे दात्याच्या बाजूचा कोन) अशी तुमच्या अक्षरातली चिठ्ठी दुसऱ्या एका गिअरवाल्याला दाखवली. त्यानं काही न विचारता गिअर कापून दिला. मागच्या आठवड्यात पहिले आटे काढले. आवाज नाही.

एक गोष्ट मात्र तुमची ऐकली नाही. चामड्याचा पट्टा मिळेना, म्हणून मोटारीचा रबरी पट्टा जोडून लावलाय. रागवा, पण येऊन रागवा. खंडेनवमीला याच. यंदा हळदकुंकू टेलस्टॉकच्या हातचाकाला लावणार आहे, नंबरावर नाही.

आपली,
आप्पांची धाकटी