तात्या, तुम्ही मुद्दाम चुकत होतात

ती. तात्यांस सा. न.

समोर आभार मानले की तुम्ही "गो बाय, खुळी काय?" म्हणता आणि लगेच कुठल्या तरी जुन्या गाण्याचा संगीतकार विचारता. म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. पावसाळ्यात तीन महिने आमच्या पडवीत रोज संध्याकाळी काय चालायचं, ते वेंगुर्ल्यातल्या चार माणसांना तरी कळू दे.

आषाढात बाबांना पक्षाघात झाला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एका सकाळी गेलं. गोव्याला नेलं, जीव वाचला. घरी परत आणले ते बाबा मात्र गप्प होते. त्यांना समजत सगळं होतं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडकायचा. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं बोलण्याचं केंद्र मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, मार तिथेच बसला आहे, सराव करून घ्या. मी चित्रांची कार्डं आणली. केळं, छत्री, कप. बाबांनी दोन दिवस ती पाहिली आणि तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड फिरवलं. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता हा माणूस. शिरोड्याच्या गाडीत दारापर्यंत लोंबकळणारी माणसं नुसत्या आवाजावर मागे सरकवायचा. त्याला मुलगी केळं दाखवून "हे काय आहे?" विचारत होती.

त्याच संध्याकाळी तुम्ही आलात. छत्री खुंटीला लावलीत, बाकावर बसलात. बाकी सगळे "आता कसां वाटता?" विचारायचे, तुम्ही विचारलं नाहीत. आईच्या मोबाइलवर 'निंबोणीच्या झाडामागे' लागलं होतं. थोडा वेळ ऐकून तुम्ही म्हणालात, "लताचा आवाज तो लताचाच. होय मा, अण्णा?"

बाबांची मान वळली. "सु," ते म्हणाले. "सु... सु..."

आई भांडं आणायला उठली. बाबांनी डावा हात इतक्या जोरात खाटेवर आपटला की ती जागच्या जागी थांबली. "सु... मन!"

घरी आल्यापासूनचा तो त्यांचा पहिला शब्द. सुमन कल्याणपूर. तुम्ही तरीही मागे हटला नाहीत. "नाय रे, लताच ती," म्हणालात, आणि बाबा पुन्हा "सुमन", पुन्हा "सुमन". चार-पाच वेळा झाल्यावर कुठे तुम्ही हार मानल्यासारखं केलंत. मग सांगितलंत की चित्रपट 'बाळा गाऊ कशी अंगाई', साल १९७७, संगीत एन. दत्तांचं, आणि गाणं लिहिणारे मधुसूदन कालेलकर आपल्या वेंगुर्ल्याचे. लहानपणी ज्या गाण्यावर मी झोपले ते आमच्याच गावच्या माणसाने लिहिलं होतं, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. बाबांना ते अर्थातच ठाऊक होतं. ते माझ्याकडे बघून हसले. हसताना तोंडाची एकच बाजू हलली, पण हसले.

"उद्या येतंय," म्हणून तुम्ही गेलात आणि खरंच रोज आलात. धो धो पावसातही. येताना खाऊसारखी एक चूक घेऊन यायचात.

'मी डोलकर' मन्ना डेंनी गायलं, असं एकदा म्हणालात. बाबांना "हेमंत" म्हणायला बराच वेळ लागला, पण त्यांनी तो शब्द सोडला नाही. मग तुमच्या गप्पा त्या गाण्यावर अशा रंगल्या की चहा निवून गेला. समुद्रावरचं आपलं इतकं लाडकं गाणं लिहिलं पुणे जिल्ह्यातल्या शांता शेळक्यांनी, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, लताबाईंच्या सोबतीला आवाज हेमंतकुमार या बंगाली माणसाचा. 'गोमू संगतीनं'मध्येही आशाबाईंबरोबर तेच. तो चित्रपट १९७६ चा 'हा खेळ सावल्यांचा', त्यातले काशिनाथ घाणेकर चिपळूणचे. तुम्ही एकेक नाव टाकत होतात आणि बाबा मान हलवून किंवा अर्ध्या शब्दाने त्यावर शिक्का मारत होते, पूर्वी तिकीट पंच करायचे तसे.

बिनाका गीतमाला विविध भारतीवर सुरू झाली, असंही तुम्ही म्हणालात. त्या दिवशी बाबा रागावलेच. "सि... लोन! बुध... वार!" १९५२ साली सुरू झालेली ती गीतमाला रेडिओ सिलोनची. विविध भारतीचा जन्मच १९५७ चा. बुधवारी रात्री आठला अमीन सायानींचा आवाज ऐकायला बाबा लहानपणी बंदरावरच्या चहाच्या टपरीबाहेर उभे राहायचे, हे मला आईकडून माहीत होतं. त्या दिवशी ते त्यांच्याच तोंडून ऐकलं, दोन शब्दांत.

वसंत देसाई निघाले त्या संध्याकाळी तुम्ही काहीच चुकला नाहीत. कुडाळकडच्या सोनवड्याचा हा माणूस, 'श्यामची आई'ला संगीत त्याचं, 'दो आँखें बारह हाथ'लाही त्याचंच, असं सांगता सांगता तुम्ही 'घनश्याम सुंदरा' गुणगुणायला लागलात. बाबांनी तुमच्याबरोबर अख्खी ओळ म्हटली. सलग, न अडखळता. तोवर त्यांना "पाणी" म्हणता येत नव्हतं. आई पदर तोंडाला लावून आत गेली. पुढे थेरपिस्ट बाई फोनवर म्हणाल्या की असं होतं, बोलणं गेलेल्या माणसाला कधी कधी गाता येतं, गाणंच करून घ्या. कार्डं मी कपाटात टाकली.

आणि मग तो रामायणाचा दिवस. तुम्ही म्हणालात, टीव्हीवर आधी महाभारत आलं, मग रामायण. बाबा उठून बसले. माझा आधार न घेता.

"रामायण आधी," ते म्हणाले. "गाडी... रिकामी."

महिनाभरात पहिल्यांदा चार शब्द एकापाठोपाठ आले, आणि त्यांना अर्थ होता. रामायण सुरू झालं २५ जानेवारी १९८७ ला, महाभारत २ ऑक्टोबर १९८८ ला. दोन्ही रविवारी. रामायणाच्या वेळेची रविवारची गाडी बाबांना रिकामी न्यावी लागायची. ते, ड्रायव्हर आणि माशांच्या दोन टोपल्या. ही गोष्ट त्यांनी पूर्वी पन्नासदा सांगितली असेल. मला ती आता कुठे आवडायला लागली आहे.

दिवाळीत फराळ द्यायला मी तुमच्याकडे आले. तुम्ही मागीलदारी होतात. टेबलावर एक जाडजूड वही उघडी होती. मी ती वाचली, त्याबद्दल क्षमा करा. तुमच्या कॅसेटच्या दुकानातली वही. गिऱ्हाईक यादी आणून द्यायचं आणि तुम्ही कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचात, ती. नव्वदची कॅसेट, ए बाजू पंचेचाळीस मिनिटं, बी बाजू पंचेचाळीस. समासात मिनिटांच्या बेरजा, शेवटचं गाणं मध्येच तुटू नये म्हणून. प्रत्येक गाण्यापुढे चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. 'केतकीच्या बनी' पुढे अशोकजी परांजपे आणि अशोक पत्की. 'निंबोणीच्या झाडामागे' पुढे सुमन कल्याणपूर, आणि शेजारी लाल शाईने, दोनदा अधोरेखित केलेलं: "लता नव्हे".

मी तिथेच खुर्चीत बसले. त्या तीन महिन्यांत तुमची एकही चूक खरी नव्हती.

घरी येऊन बाबांना सांगितलं. वाटलं होतं, त्यांना धक्का बसेल. त्यांनी करंजीचा तुकडा नीट चावून संपवला आणि म्हणाले, "म्हायत असा."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून." मग थांबले, शब्द जुळवले. "माझ्या सगळ्या कॅसेटी... तेणीच भरल्या. तो चुकात?"

तात्या, आज बाबा काठी घेऊन गडग्यापर्यंत जातात. "वेंगुर्ला" म्हणताना अजून अडखळतात, "सुमन कल्याणपूर" म्हणताना अडखळत नाहीत. उद्या आई शिरवाळे करणार आहे, नारळाचा रसही काढेल. पाचला या. बाबा चारपासूनच पडवीत बसलेले असतील, आणि या वेळी चूक ते काढून ठेवणार आहेत. गीतरामायणातली गाणी चोपन्न होती, असं सांगायचं त्यांनी ठरवलंय.

तुमची,
अण्णांची धाकटी