बंड्यास, ठाण्याहून

ठाणे, सोमवार रात्र

प्रिय बंड्या,

शिव्या आधी देऊन घे, मग वाच. तब्येत बरी, शुगर गोळीच्या ताब्यात. पण हे तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही.

काल काळा घोड्याच्या कला महोत्सवाला गेलो होतो. चिरंजीव तिथे स्टँड-अप करणार होते. आपल्याला याच उद्योगाबद्दल वर्गाबाहेर उभं करायचे. रविवारचा मेगाब्लॉक, लोंबकळत सीएसएमटी, पुढे फाउंटनवरून पायी. 1999 पासून चाललाय हा नऊ दिवसांचा मेळा, तोही फुकट, आणि आपण ठाण्यात बसून नावं ठेवत राहिलो. गर्दी म्हणजे आपली पाडव्याची शोभायात्रा, फक्त इथे जो तो सेल्फीत. मी हिला घोड्याची कथा लावली: मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा, 1965 मध्ये हलवला, आता राणीच्या बागेत, 2017 मध्ये नवा घोडा बसवला, त्यावर स्वारच नाही. ही म्हणाली, "आधी उभं राहायला जागा बघा."

मंदार आला. माइकची वायर बोटाला गुंडाळत म्हणाला, "आमच्या घरात भांडण झालं की बाबा एक शब्द बोलत नाहीत. गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालतात." मग थांबला. तू गडकरी रंगायतनला नाटकात थांबायचास तेवढाच, मिशी सुटलेली असतानाही. "आमची तुळस कुजली."

काय हशा, बंड्या! सगळ्यात आधी ही हसली. शेजारची एक मुलगी हातातला वडापाव सांभाळत वाकली. मी टाळी वाजवली, पण जरा उशिरा. आपल्या वेळी कुंड्या नव्हत्या एवढंच, नाहीतर भांडण झालं की तलावपाळीला तळ्याभोवती मारलेल्या माझ्या फेऱ्या तूच मोजल्यायस.

परतीच्या गाडीत घाटकोपर गेल्यावर म्हणतो, नोकरी सोडतोय. मी खिडकीबाहेर बघितलं. सकाळी झारी घेतली, तर आतून दोघंही हसली. आता घरात पाणी घालायचीसुद्धा चोरी.

पोरगा चांगला आहे का रे? मला खरंच कळत नाही. आठ मिनिटं लोक हसले, पण आठ मिनिटांवर घराचा हप्ता कोण फेडणार? नोकरी कंटाळवाणी आहे, मान्य. माझी कुठे कॉमेडी होती? तरी तो थांबला ना, ते डोक्यातून जात नाही. ते शिकवून येत नाही, हे तूच म्हणायचास (स्वतःबद्दलच, अर्थात). हिला विचारलं, तर म्हणते, "तुम्हाला जमलं नाही म्हणून त्यानेही करू नये का?" यावर काय बोलणार?

पुढच्या महिन्यात त्याचा ठाण्यातच कार्यक्रम आहे. ये. मागे बस, त्याला कळू देऊ नकोस. हसू आलं तर हस, नाहीतर तोंडावर सांग. माझ्या एकांकिकेला "दोन पानं काप" म्हणालास तेव्हा दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोललो नव्हतो. पानं मात्र दुसऱ्याच दिवशी कापली होती.

चिनूच्या व्हिसाचं झालं का? वहिनींचा गुडघा? नाशिकची थंडी सांगू नकोस, इथे पंखा लागलाय.

तुझा,
दिल्या

ता. क. हिने पत्र वाचलं. म्हणते, त्या कुंडीला खाली भोकच नव्हतं.