लसीकरणाच्या वेळी बाळाचा ओठ उचलून पाहा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री

विषय : लसीकरणाच्या भेटीत बालकांच्या दातांची तपासणी सुरू करण्याबाबत

महोदय,

मी लहान मुलांच्या दातांवर उपचार करणारी डॉक्टर आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक मुले दात दुखू लागल्यावरच येतात, आणि दुखू लागेपर्यंत कीड दंतवल्काचा, म्हणजे दाताच्या बाहेरच्या आवरणाचा, कठीण थर ओलांडून आतल्या नसेजवळ पोहोचलेली असते. त्याआधीच्या ज्या महिन्यांत साध्या लेपाने काम भागले असते, त्या महिन्यांत त्या तोंडात कोणी डोकावलेलेच नसते.

अलीकडेच साडेतीन वर्षांचा एक मुलगा रात्रभर रडून आईच्या खांद्यावर झोपलेल्या अवस्थेत आला. वरचा ओठ अंगठ्याने हळूच उचलला, तर समोरच्या चारही दातांचे तपकिरी खुंट उरले होते आणि एकाच्या वर हिरडीला पुवाची पुळी आली होती. खालचे चार दात मात्र स्वच्छ होते. तोंडात दुधाची बाटली धरून झोपणाऱ्या मुलांत हे असेच दिसते, कारण खालच्या दातांवर जीभ असते आणि जिभेखालची लाळ त्यांना धूत राहते. वरच्या दातांना तो आधार नसतो, शिवाय झोपेत लाळ कमी सुटते. ‘दुधाचेच दात आहेत, पडतीलच ना?’ असे आईने विचारले. तिला दोष देववत नाही. लसींसाठी ती या मुलाला कितीतरी वेळा घेऊन गेली होती, दर वेळी त्याचे वजन झाले, पण त्याचा ओठ कोणी उचलला नव्हता.

‘कीड’ या शब्दामुळेही गैरसमज होतो, असे मला वाटते. दातात बाहेरून कोणतीही अळी शिरत नाही. दातांवर चिकटून राहणाऱ्या थरातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, आणि तिथला पीएच (हा आकडा जितका कमी, तितके आम्ल जास्त) सुमारे ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. मग लाळ ते आम्ल निवळवते आणि खनिजे परत भरू लागते, पण त्यासाठी तिला अर्धा तास ते तासभर उसंत लागते. म्हणून मूल किती गोड खाते याहून दिवसातून किती वेळा खाते, हे अधिक महत्त्वाचे ठरते. दिवसभर थोडे थोडे गोड चघळणाऱ्या मुलाच्या लाळेला ती उसंत मिळतच नाही.

या झिजेची पहिली खूण म्हणजे हिरडीलगत उमटणारी खडूसारखी पांढरी रेघ. तिथे अजून खड्डा नसतो, दुखत नसते आणि झालेले नुकसान भरून निघू शकते. ती रेघ ओळखायला दंतवैद्यच हवा असे नाही. लस देणाऱ्या परिचारिकेला थोड्या प्रशिक्षणाने ती ओळखता येईल.

म्हणून माझी मुख्य मागणी एकच आहे. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. तेव्हापासून लसीच्या प्रत्येक भेटीत बाळाचा ओठ उचलून पाहिला जावा, त्याची नोंद लसीकरणाच्या कार्डावर व्हावी आणि पांढरी रेघ दिसलेल्या बाळाला फ्लोराइड वार्निशचा, म्हणजे दंतवल्क बळकट करणाऱ्या फ्लोराइडचा, लेप तिथेच मिळावा. त्याच भेटीत पालकांना हेही दाखवावे की किमान १००० पीपीएम फ्लोराइड असलेली टूथपेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढीच घ्यायची, आणि ब्रश मोठ्यांनी करून द्यायचा. फ्लोराइड टूथपेस्ट आणि कीड थोपवणारे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड यांना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले आहे. जिथे पिण्याच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे अर्थातच पाण्याची तपासणी आधी व्हावी.

सहाव्या वर्षीची दाढ हा या साखळीतला दुसरा निसटलेला दुवा आहे. ती शेवटच्या दुधाच्या दाढेमागे उगवते, तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे बहुतेक पालक तिला दुधाची दाढ समजतात. प्रत्यक्षात ती कायमची असते आणि तिच्या खोल खाचांत ब्रशचे केस पोहोचत नाहीत. शाळेच्या पहिल्या वर्षांतल्या आरोग्य तपासणीतच या खाचा सीलंटने बुजवण्याची सोय व्हावी.

त्या मुलाचे चारही दात काढावे लागले. त्याची चौदा महिन्यांची बहीण आईच्या मांडीवर होती. तिचाही ओठ मी उचलून पाहिला, तर वरच्या दोन दातांवर ती पांढरी रेघ होती. मी लेप लावला आणि रात्रीची बाटली कशी सोडवायची ते आईला समजावले. काही महिन्यांनी ती मुलगी पुढच्या लसीसाठी आपल्या विभागाच्या केंद्रात जाईल. तेव्हा तिथे कोणीतरी तिचा ओठ उचलून पाहावा, एवढी व्यवस्था आपण करावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक बालदंतवैद्य