डावा कान राहून गेला

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्री

प्रिय बाप्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालायच्या त्या भेटलास की घाल, तोंडावर घाल. आईची शुगर काबूत आहे, माझी पाठ होती तशीच. झालं तब्येतपुराण.

आज लिहायला बसलो, कारण आपल्या पॉडकास्टचं एडिटिंग करताना स्वतःचाच आवाज ऐकला आणि लाज वाटली. बाकी कुणाला सांगितलं असतं तर ‘एवढं काय त्यात’ म्हणाले असते. मिरजेच्या तंबोरेवाल्या काकांची मुलाखत. 34व्या मिनिटाला ते म्हणतात, “आता वरचं बारीक ऐकू येत नाही हो. उजवा कान गेल्यातच जमा. जवारी डाव्या कानानं काढतो.” आणि आपला पठ्ठ्या काय म्हणतो? “अरे वा! बरं काका, 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, तेव्हा काय वाटलं?”

अरे वा! माणसाचा कान गेलाय आणि मी अरे वा म्हणतोय, मर्दा.

जवारी म्हणजे घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) माथा कानशीनं घासून त्याला असा हलका उतार द्यायचा, की तार टेकता टेकता सुटत जाते आणि मूळ सुराबरोबर वरचे बारीक स्वर झंकारत राहतात. मग तारेखाली सूत सरकवून तो झंकार नेमक्या जागी आणायचा. वयोमानानं कान जातो तेव्हा आधी जातात ते नेमके हे वरचे आवाज. मग जवारी उतरली हे त्यांना कळतं कशानं? बोटानं? मुलाला ऐकायला बसवतात? की आता अंदाजावर? सगळी मुलाखत त्या एका वाक्यात होती, आणि मी कागदावरच्या पुढच्या ओळीकडे पाहत होतो.

रॉ फाइल ऐकत कागदावर रेघा ओढल्या. 62 मिनिटं, 27 प्रश्न. त्यातले 21 घरून लिहून नेलेले. काकांच्या बोलण्यातून निघालेले सहा, आणि त्यातलेही दोन ‘म्हणजे कसं?’ एवढेच. तूही तुझी एखादी जुनी फाइल काढून हा हिशोब कर. एडिट केलेली नको, रॉच घे. एडिटमध्ये आपण हुशार दिसतो.

माझं कुतूहल आटलंय का, ही चिंता दिवसभर खातेय. पण रेघा मोजताना वाटलं, भानगड तयारीची आहे. आपली तयारी उत्तरं माहीत करून घेण्याची असते. पाहुण्याच्या जुन्या मुलाखती ऐकायच्या, बातम्या वाचायच्या, आणि मग त्यालाच ते परत बोलायला लावायचं. उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न विचारताना चेहऱ्यावर कितीही उत्सुकता आणा, आवाज खोटा येतो, आणि माइकला तो बरोबर कळतो. आता उलटं करणार आहे. जे सापडलं ते ओपनिंगमध्ये मीच 40 सेकंदांत सांगून टाकायचं. जिथं कळत नाही, त्या जागांवर खूण करायची. अशा जागा चार-पाच निघाल्या नाहीत तर त्या पाहुण्याला अजून बोलवायचंच नाही.

(ओपनिंगवरून आठवलं. 1843, विष्णुदास भावे, सीतास्वयंवर, नाट्यपंढरी, मग हळद, मग कृष्णामाई. तुझा हा पाढा मी तीन सीझन सहन केला. एकदा तर पाहुणा दातांचा डॉक्टर होता.)

बेदाण्याचं उदाहरण घे. तासगावचा बागायतदार म्हणतो, “मग माल डिपिंग करून शेडवर टाकायचा.” आपण मान हलवतो, कारण शब्द ओळखीचा आहे. फसतो ते इथंच. कशात बुडवता? पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात. कशासाठी? मण्यावरचा मेणचट थर जातो आणि आतलं पाणी लवकर उडतं. इथपर्यंत आपल्याला ठाऊक असेल तर ते विचारायचंच नाही. आपला अंदाज पुढं करायचा: “चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा होतो म्हणतात. ऐन वाळवणीत पाऊस आला तर वजनात मार बसतो की रंगात?” अंदाज चुकला तर सोन्याहून पिवळं. माणसाला दुसऱ्याची चूक दुरुस्त करायला जी हुशारी येते, ती ‘आमच्या श्रोत्यांना जरा माहिती सांगा’ म्हटल्यावर येत नाही. फक्त अंदाज खरा हवा. मुद्दाम वेड पांघरलं की पाहुणा ओळखतो आणि शाळेतल्या पोराशी बोलावं तसं बोलायला लागतो.

दुसरं, ‘काय वाटतं’ आणि ‘महत्त्व काय’ हे दोन्ही प्रश्न बंद. हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांवर, आपण विचारलं होतं, ‘पेवांचं महत्त्व काय?’ उत्तर आलं, ते वर्तमानपत्रात छापतात तसंच. विचारायला हवं होतं की पेव उघडल्यावर आधी आत कोण उतरतं, उतरण्याआधी किती वेळ थांबतात, आणि आतली हवा बरी आहे हे कशावरून ठरवतात. 2005 च्या पुरात पाणी शिरलं, तेव्हा पहिलं पेव उघडून बघणारा माणूस कोण? एक दिवस, एक माणूस, एक हात धरून विचारलं की पाठ केलेलं उत्तर चालत नाही. दहा ठिकाणी बोललेल्या पाहुण्यालाही थांबून आठवावं लागतं. तो आठवायला लागला की आपणही आपोआप पुढं सरकून बसतो, उत्सुकतेचं सोंग आणावं लागत नाही.

आणि तो आठवत असताना गप्प बसायचं, लेका! मनात चार आकडे मोजायचे. आपल्याकडं शांतता झाली की कुणीतरी ‘चहा घ्या की’ म्हणतंच, आणि चहावाला तूच असतोस. ‘हं, हं, बरोबर’ पण बंद. दोन माइकचे ट्रॅक वेगळे असले तरी माझा ‘हं’ त्यांच्या माइकात शिरतो आणि नेमका त्यांच्या चांगल्या शब्दावर बसतो. मग कापता येत नाही. नुसती मान हलवायची.

एका दमात दोन प्रश्न विचारायचे नाहीत. पाहुणा त्यातला सोपा उचलतो, अवघड आपणच विसरतो. ‘तंबोऱ्याचं तूण लाकूड आता मिळतं का, आणि पुढची पिढी यात येते का?’ हा माझाच प्रश्न. काका पिढीवर आठ मिनिटं बोलले. लाकूड राहिलं.

कागदही बदलतोय. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, त्यावर पाच शब्द, प्रश्न नाहीत. भोपळा. तूण. सूत. कान. उधारी. पहिल्या दहा मिनिटांनंतर पुठ्ठा पालथा. हातात पेन्सिल, आणि पाहुण्याच्या तोंडचा जो शब्द अडकला तो एकच लिहायचा. वाक्य लिहायला गेलो की नजर खाली जाते आणि पुढची दोन वाक्यं ऐकूच येत नाहीत. रेकॉर्डिंगआधीचा प्री-कॉल दहा मिनिटांचा, फक्त वेळ, जागा आणि कशावर बोलायचं नाही एवढ्यासाठी. तिथं किस्सा सांगायला लागले तर हात जोडून थांबवायचं. तोच किस्सा दुसऱ्यांदा सांगताना माणूस ‘मघाशी म्हटलं तसं’ म्हणतो आणि निम्मा गाळतो. प्रश्न आधी पाठवायचे की नाही यावर आपण पुष्कराज चौकात रात्री एक वाजता जे भांडलो, त्यात तू अर्धा बरोबर होतास. विषय पाठवायचे. प्रश्न नाहीत. अर्धाच!

दिवसाला एकच रेकॉर्डिंग. दोन ठेवली की दुसऱ्या पाहुण्याला पहिल्याचेच प्रश्न जातात. आणि यंत्राचं लचांड आधी मिटवायचं: माइक तोंडापासून मूठभर लांब, मोठ्यानं हसले तरी आवाज मीटरवर उणे 12 डीबीच्या आसपास, पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला (प्लग परत लावायची आठवण म्हणून गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवायची), खोलीची नुसती शांतता 30 सेकंद रेकॉर्ड केलेली. निम्मं डोकं मीटरवर असलं की उरलेल्या निम्म्यानं कुणाचा कान ऐकायचा? मिरजेत त्या दिवशी शेजारी ग्राइंडर चालू होता आणि मी पूर्ण वेळ हेडफोन दाबून तोच ऐकत होतो. कारण म्हणून सांगतोय, सबब म्हणून नाही. बरं, थोडीशी सबबही.

काकांना संध्याकाळी फोन केला. गुरुवारी या म्हणाले, चारनंतर, ग्राइंडरवाला तेव्हा जातो. या वेळी दारातून आत शिरतानाच, त्यांना विचारून, रेकॉर्डर चालू करणार. बसवून विचारायचं नाही. घोडी घासायला घेतील तेव्हा शेजारी उभं राहायचं आणि हात थांबला की विचारायचं, आत्ता का थांबलात? बाकी डाव्या कानाचं त्यांनी आपणहून काढलं तर ठीक, नाही काढलं तर मीच विचारेन, पण ते कसं विचारू हे मात्र सुचत नाहीये. दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं तर तुझा हात हलका. तू असतास तर काय म्हणाला असतास? दोन ओळी लिही, बुधवारच्या आत.

गुडघ्याचं वहिनींकडून कळलं, जिने चढू नकोस. धाकटीच्या ॲडमिशनचं काय झालं? सातारचा फ्लॅट शेवटी घेतलास की अजून बघतोच आहेस? माझा छोटा स्टँड तीन वर्षं तुझ्याकडं आहे, गुरुवारी लागणार. बुधवारच्या एसटीनं कुणाबरोबर तरी पाठव, आणि स्क्रू वेगळा पुडीत बांध, मागच्यासारखा हरवशील.

तुझा,
नान्या